गोळी पोहोचेपर्यंत

एका चित्रफितीतले काही सेकंद मनातून जात नाहीत. अमेरिकेच्या पश्चिमेकडचा डोंगराळ मुलूख, पिवळी पडलेली अ‍ॅस्पनची झाडं, दरीपलीकडच्या उतारावर चरणारा एल्क या मोठ्या हरणाचा नर. शिकारी अलीकडच्या कड्यावर पालथा पडलेला, रायफल दोन पायांच्या टेकूवर, शेजारी सोबती दुर्बिणीला डोळा लावून अंतर सांगतोय. पहिली गोळी सुटते. नर मान वर करून बघतो. ‘वरून गेली,’ सोबती म्हणतो. दुसरी गोळी. नर चार पावलं चालून थांबतो. तिसऱ्या गोळीला तो खाली बसतो आणि मग मिठ्या, आरोळ्या, पडद्यावर मोठ्या अक्षरांत अंतराचा आकडा. दुसऱ्या गोळीनंतरची ती चार पावलं धडधाकट जनावराची होती की पोटात गोळी शिरलेल्या जनावराची? चित्र थांबवून, मोठं करून पाहिलं तरी कळत नाही. कातडं सोलताना त्यांना कळलं असेल. चित्रफितीत तेवढंच दाखवलेलं नाही.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेखातर शिकार हा प्रकार संपला, त्यामुळे हा विषय परका वाटेल. पण डेन्व्हरच्या किंवा सॉल्ट लेकच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांना तो तितका परका नाही. ऑक्टोबर लागला की पेट्रोल पंपावर भडक भगव्या जाकिटातली माणसं दिसायला लागतात आणि एखादा शेजारी एल्कच्या मांसाचं पुडकं आणून हातात ठेवतो. शिकार करावीच का, हा वेगळा आणि मोठा वाद आहे. इथे प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. परवाना आहे, हंगाम आहे, जनावर समोर आहे, पण ते पाचशे, सातशे, नऊशे यार्डांवर आहे. यार्ड मीटरहून थोडासाच कमी. अशा वेळी चाप ओढावा का?

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर हत्यारच देत असे. तीनशे यार्डांपलीकडे गोळी किती खाली येईल याचा अंदाज डोळ्यांनी करावा लागे, आणि तो चुके. आता लेझरचा रेंजफाइंडर अंतर सांगतो, चढ-उताराचा कोनही हिशोबात धरतो. फोनमधलं गणित हवेचा दाब आणि तापमान घेऊन रायफलच्या दुर्बिणीवरची, म्हणजे स्कोपवरची, टरेट नावाची चकती किती क्लिक फिरवायची ते सांगतं. एल्कसाठी सर्रास वापरलं जाणारं .३०० विन्चेस्टर मॅग्नम हे काडतूस घ्या. त्याची २०० ग्रेन वजनाची निमुळती गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २८५० फूट वेगाने निघते. रायफल २०० यार्डांवर शून्य केलेली, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर बसेल अशी लावलेली असेल, तर ३०० यार्डांवर ती ७ इंच खाली येते, ५०० वर ४० इंचांच्या आसपास आणि ८०० वर सुमारे १५० इंच, म्हणजे पावणेचार मीटरहून जास्त. आकडे भीतिदायक दिसतात, पण हा भाग खरोखर सुटलेला आहे. गुरुत्वाकर्षण रोज तेच असतं. टरेट फिरवा, गोळी तिथे जाते. ज्यांनी हे पहिल्यांदा सरावाच्या लोखंडी पाट्यांवर अनुभवलं, त्यांना आपण हजार यार्डांचे शिकारी झालो असं वाटलं तर नवल नाही.

पाटीवरचा ‘टण्ण’ आवाज फार फसवा असतो. पाटी चालत नाही.

आधी वाऱ्याचं बोलू, कारण तो निदान शिकता येतो. आडवा वारा ताशी १० मैलांचा असेल, तर वर सांगितलेली गोळी ३०० यार्डांवर साधारण ५ इंच सरकते, ५०० वर १४-१५ इंच आणि ८०० वर ४० इंचांच्या घरात. एल्कचा हृदय-फुप्फुसाचा भाग १४ ते १६ इंचांचा, मध्यम परातीएवढा. ५०० यार्डांवर वारा ताशी ५ मैलांनी चुकीचा ओळखला, तर फुप्फुसाच्या मध्यावर धरलेली गोळी काठावर जाते. ८०० वर तीच चूक गोळीला २० इंच बाजूला टाकते, म्हणजे पोटात किंवा खांद्याच्या पुढे. आणि ५ मैल ही काही मोठी चूक नव्हे. हातातलं वारामापक यंत्र तुम्ही उभे आहात तिथला वारा मोजतं. दरीच्या मध्यावर काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं. ऊन चढलं की उतारांवरची हवा वर सरकते, संध्याकाळी थंड होऊन दरीत उतरते. अलीकडच्या कड्यावर गवत डावीकडे झुकतं आणि पलीकडे अ‍ॅस्पनची पानं उजवीकडे हलतात, हे त्या मुलखात नेहमीचं. जाणते नेमबाज मधल्या हवेची थरथर स्कोपमधून वाचतात, जनावराजवळची झुडपं बघतात, धूळ बघतात. तरीही त्यांच्याकडून दोन-तीन मैलांची चूक होतेच, आणि ते ती कबूल करतात. चूक होणार नाही असं जो छातीठोकपणे सांगतो, त्याने डोंगरातला वारा पुरेसा पाहिलेला नसतो.

वारा एकवेळ हिशोबात बसवता येईल. वेळ बसवता येत नाही.

चाप ओढल्यापासून गोळी पोहोचेपर्यंत ५०० यार्डांवर सुमारे ०.६ सेकंद जातात. ८०० वर एक सेकंदाहून थोडं जास्त, १००० वर जवळजवळ दीड सेकंद. निवांत चालणारा एल्क सेकंदाला सव्वा मीटर तरी सरकतो. चाप ओढायचा निर्णय झाला त्याच क्षणी त्याने पाऊल उचललं, तर ५०० यार्डांवर तो पाऊण मीटर पुढे गेलेला असतो. तो पुढे गेला म्हणून गोळी मागे बसते, फुप्फुसाऐवजी कोठ्यात. गोळी आवाजापेक्षा वेगवान असते, त्यामुळे तो काही ऐकून दचकत नाही. तो हलतो ते स्वतःच्या कारणाने. पुढचा गवताचा झुबका बरा दिसला, माशी बसली, मागची मादी जवळ आली. चरणारं जनावर दर काही सेकंदांनी एक पाऊल टाकतंच. शिकाऱ्याचा हात कितीही स्थिर असो, रायफल कितीही अचूक असो, त्या सेकंदावर त्याचा काडीचाही ताबा नाही. दोनशे यार्डांवर हा अवधी सेकंदाच्या पाचव्या भागाइतका असतो. तेवढ्यात जनावर पाऊल उचलायला लागलं तरी गोळी जवळपास जागेवरच बसते. माझ्या मते लांब नेम आणि जवळचा नेम यांच्यातली खरी रेघ इथे आहे. बाकी सगळ्या अडचणी सराव, पैसा आणि यंत्रं यांनी कमी होतात. ही एक होत नाही. ती फक्त जवळ गेल्याने कमी होते.

कोठ्यात गोळी बसणं म्हणजे काय, हे स्पष्ट सांगायला हवं. दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेलेला एल्क काही सेकंद उभा राहतो, कधी शे-दीडशे यार्ड पळतो आणि पडतो. कोठ्यात लागलेला कित्येक तास जगतो. तो कुबड काढून हळूहळू चालतो, झाडीत शिरून बसतो, हाकललं की उठून पुन्हा मैलभर जातो. तीनशे किलोंचं जनावर असं मरत राहतं, आणि सापडेपर्यंत त्याचं मांस बहुधा खराब झालेलं असतं.

गोळीची ताकद हा पुढचा मुद्दा. एल्कसाठी १५०० फूट-पाउंड ऊर्जा हवी, असा जुना ठोकताळा आहे. ठोकताळाच तो, पण त्यावरून अंदाज येतो. सध्या फार लोकप्रिय असलेल्या ६.५ क्रीडमोर काडतुसाची १४३ ग्रेनची गोळी ४०० यार्डांच्या थोडं अलीकडेच या रेषेच्या खाली जाते. .३०० मॅग्नम ती ७०० यार्डांच्या आसपास सोडते. पण ऊर्जेपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे गोळी शरीरात शिरल्यावर उमलते का, म्हणजे तिचं टोक पसरून रुंद होतं का. बऱ्याच टणक बांधणीच्या आणि तांब्याच्या गोळ्यांना नीट उमलायला सेकंदाला १८०० ते २००० फूट वेग लागतो. त्याखाली त्या पेन्सिलीसारखं भोक पाडून पलीकडे निघून जातात. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या मऊ गोळ्या १६०० फुटांवरही उमलतात, मात्र त्याच गोळ्या पन्नास यार्डांवर खांद्याच्या हाडावर बसल्या तर फुटून वरच्यावर विखुरतात. एकाच खोक्यातली काडतुसं सगळ्या अंतरांना सारखी चालतील, हा समज चुकीचा आहे. क्रीडमोर गोळी हजार यार्डांवर पाटी वाजवते म्हणून ती तिथे एल्क पाडेल असं नाही, ही गोष्ट दुकानात क्वचितच कुणी बोलतं.

मग बारीकसारीक गोष्टी, ज्यांत बहुतेक नेम खरोखर बिघडतात. रेंजफाइंडरचा किरण लांब गेला की पसरतो. त्यामुळे तो जनावराऐवजी अलीकडच्या सेजच्या झुडपाचं किंवा पलीकडच्या उताराचं अंतर सांगतो. ८०० यार्डांवर २० यार्डांची चूक म्हणजे सुमारे ८ इंच वर किंवा खाली. म्हणून तीन-चार वेळा मोजायचं आणि आजूबाजूचे खडकही मोजून बघायचे. रायफल एक अंश जरी एका बाजूला कललेली असली, तरी ८०० वर गोळी तीनेक इंच बाजूला जाते. डोंगराच्या तिरक्या उतारावर डोळ्यांना कल कळतच नाही, स्कोपवर छोटी लेव्हल लागतेच. समुद्रसपाटीवर शून्य केलेली रायफल कोलोरॅडोत ९-१० हजार फुटांवर नेली, तर विरळ हवेत गोळी कमी खाली येते आणि लांबच्या अंतरावर जनावराच्या पाठीवरून जाते. टरेटवर विश्वास ठेवण्याआधी उंच कागदावर वर-खाली फिरवून, गोळ्या झाडून, तो खरोखर जितका म्हणतो तितका सरकतो का आणि शून्यावर परत येतो का, हे तपासायचं. आणि पाचशेसाठी फिरवलेला टरेट परत शून्यावर आणायला विसरणं ही तर ठरलेली फजिती. अर्ध्या तासाने शंभर यार्डांवर दुसरं जनावर उठतं आणि गोळी धरलेल्या जागेच्या नऊ-दहा इंच वर जाते.

मैदानावरच्या बाकावर रायफल एका मिनिटाच्या कोनात, म्हणजे १०० यार्डांवर सुमारे १ इंचात, गोळ्या जुळवते. पण तो बाक डोंगरावर नसतो. पाठपिशवीवर टेकून, उतारावर पाय घसरत असताना, चढून आल्यावर छाती भात्यासारखी हलत असताना तोच माणूस दोन-तीन मिनिटांच्या कोनात आला तरी बरा म्हणायचा. ८०० यार्डांवर दोन मिनिटं म्हणजे जवळजवळ १७ इंच. वारा नाही, पाऊल नाही, काही नाही, तरी परात तेवढ्यानेच संपली.

नेमापेक्षा नेमानंतरचं काम मला जास्त अस्वस्थ करतं. सातशे यार्डांवरून गोळी लागल्याचा थप्प आवाज परत यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. तोवर धक्क्याने स्कोपमधलं चित्र हललेलं असतं, कळप इकडेतिकडे झालेला असतो आणि नेमकं कोणतं जनावर होतं हेही धूसर होतं. फुप्फुसात लागलेला एल्क कधीकधी काहीच झालं नाही असा उभा असतो. म्हणून ‘चुकली’ असं लांबून ठरवण्याचा अधिकार कुणाला नाही. गोळी सुटली की तिथे जायलाच हवं. त्याची एक पद्धत आहे. जागेवरून हलण्याआधी जनावर उभं होतं तिथलं एखादं वेगळं झाड किंवा खडक नक्की करायचा, होकायंत्राने दिशा घ्यायची, फोनवर फोटो काढून त्यावर खूण करायची. दोघं असतील तर एकाने दुर्बिणीपाशी थांबून हातवाऱ्यांनी दिशा दाखवायची, कारण दरी उतरून पलीकडे चढलं की अलीकडून ओळखीचा वाटलेला उतार साफ अनोळखी होतो. तिथे केस शोधायचे, रक्त शोधायचं, मातीत गोळीने पाडलेली चीर शोधायची. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. अर्धा तास थांबून माग घ्यायचा. गडद, जवळजवळ काळपट लाल म्हणजे यकृत. तिथे काही तास. हिरवट घाण आणि कोठ्याचा वास आला, तर सहा-आठ तास शांतपणे थांबायचं, घाई केली की जनावर उठतं आणि कायमचं हरवतं. ही सगळी कामं उजेडात करायची असतात. त्या राज्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत नेम धरायला कायद्याने मुभा आहे, पण मध्ये दरी असताना शेवटच्या पंधरा मिनिटांत लांबून झाडलेली गोळी म्हणजे रात्रभर जनावराला वाऱ्यावर सोडून देणं.

आपल्या जुन्या शिकारी जगात याबाबत एक दंडक होता. जखमी वाघ किंवा बिबट्या मागे ठेवून घरी जायचं नाही. पायी, झाडीत, जीव धोक्यात घालून त्याचा माग काढायचा. त्यामागे दया थोडी आणि भीती जास्त होती; दुसऱ्या दिवशी त्याच रानात गुराखी आणि लाकूडफाट्याला जाणाऱ्या बाया जाणार असत. एल्कच्या बाबतीत ही भीती नाही. जखमी एल्क कुणावर झडप घालत नाही, गावात शिरत नाही, कुणाची तक्रार येत नाही. तो फक्त झाडीत जातो. अनेक पश्चिमी राज्यांत जखमी जनावर शोधायचा वाजवी प्रयत्न करणं कायद्याने बंधनकारक आहे, पण दोन डोंगरांच्या मध्ये ‘वाजवी’ किती, हे बघायला तिथे कुणी नसतं.

लांबून नेम धरणाऱ्यांची बाजू पोकळ नाही, आणि ती ऐकल्याशिवाय बोलणं अन्यायाचं होईल. त्यांचं म्हणणं असं की, वर्षभर सराव करणारा माणूस ५०० यार्डांवर जितका भरवशाचा आहे, तितका हंगामाच्या आदल्या दिवशी कपाटातून रायफल काढणारा १५० वर नसतो. हे खरं आहे. धनुष्यबाणानेही जनावरं जखमी होऊन हरवतात. तेही खरं. बेसावध, शांतपणे चरणारं जनावर म्हणजे चांगला नेम आणि चांगलं मांस. अंगावर धावून उठवलेल्या जनावरावर घाईने झाडलेल्या गोळीपेक्षा ते केव्हाही बरं. आणि वायोमिंगच्या उघड्या माळावर प्राँगहॉर्न या हरणासारख्या जनावराकडे सरकायला बोटभर आडोसाही नसतो. मला यातलं बहुतेक पटतं. पटत नाही ते एवढंच, की आकडाच बक्षीस होऊन बसतो. तीनशेवर जाता येत असताना सातशेवर थांबायचं, कारण सातशे सांगायला छान वाटतं. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली सुरू केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने लांबच्या नेमाविरुद्ध भूमिका घेतली, तेव्हा मुद्दाम यार्डांत मर्यादा घातली नाही. शिकाऱ्याचा हेतू काय, यावर बोट ठेवलं. जनावराला वास घेऊन, ऐकून, बघून निसटायची संधी उरते का, हा त्यांचा प्रश्न. आयडाहो राज्याने दुसरा, अगदी व्यवहारी मार्ग धरला आहे: स्कोप, पट्टा, सगळं धरून १६ पाउंडांहून, म्हणजे सव्वासात किलोंहून जड रायफल मोठ्या शिकारीला चालत नाही. तोफेसारखं जड हत्यार कड्यावर मांडून बसायची सोयच त्याने कमी होते. वजनाचा नियम तपासायला तराजू पुरतो, हेतू तपासायला काही नाही. म्हणून मला आयडाहोचा नियम आवडतो.

ज्याला स्वतःची मर्यादा प्रामाणिकपणे शोधायची आहे, त्याच्यासाठी पद्धत अवघड नाही, फक्त अहंकाराला झोंबणारी आहे. १० इंचांची पाटी घ्यायची, परातीहून लहान, कारण वाऱ्याला आणि पावलाला जागा ठेवायची असते. अंतर आधी मोजून ठेवायचं नाही. शे-दोनशे पावलं चढावर धावत जायचं, पाठपिशवी टाकायची, मिळेल तसं बसायचं किंवा पडायचं, अंतर घ्यायचं, वारा वाचायचा आणि थंड नळीतून एकच गोळी झाडायची. दुसरी नाही. दुसरी गोळी पहिलीने शिकवलेलं वापरते, आणि डोंगरावर ती शिकवणी जनावराच्या अंगावर होते. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वाऱ्यात हे करायचं आणि ज्या अंतरावर पहिली गोळी कधीच पाटी सोडत नाही, ती आपली मर्यादा. पुष्कळ चांगल्या नेमबाजांची ती तीनशे-साडेतीनशेच्या आसपास येते आणि त्यांना धक्का बसतो. वारा झोंबरा असेल तर तीही अर्धी करायची. जनावर चालत असेल, तिरकं उभं असेल, मागे दुसरी मादी असेल, तर थांबायचं. मधली जमीन तासाभरात ओलांडता येणार नसेल तरीही थांबायचं, मग गणित काहीही म्हणो.

उरलेलं अंतर पायांनी कापायचं. वारा तोंडावर घेत, उताराच्या घड्यांमागून, कळप डोकं खाली घालतो तेव्हा सरकायचं आणि वर काढतो तेव्हा गोठून जायचं. सातशेचे तीनशे करायला दोन तास लागतात आणि त्यातल्या बऱ्याच वेळा कळप निघून जातो. एल्कचं नाक माणसाच्या कल्पनेपलीकडचं आहे. उतारावरून वाऱ्याची एक झुळूक फिरली की संपलं. रिकाम्या हाताने परतावं लागतं, टॅग, म्हणजे एका जनावरापुरत्या परवान्याची चिठ्ठी, खिशातच राहतो, मित्र विचारतात तेव्हा सांगायला आकडा नसतो. हे नुकसान खरं आहे आणि ते शिकाऱ्यानेच सोसायचं आहे.

एक नियम मला सगळीकडे हवासा वाटतो. नामिबिया, दक्षिण आफ्रिका इथल्या शिकार-सफारींत रक्त सांडलं की त्या जनावराचं पूर्ण शुल्क भरावं लागतं, जनावर सापडो न सापडो. अलास्काच्या काही भागांत जखमी करून हरवलेलं अस्वल शिकाऱ्याच्या वाट्यात मोजलं जातं. एल्कच्या बाबतीत असं सर्रास नाही. रक्ताचा माग हरवला तरी टॅग कोराच राहतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नरामागे जाऊ शकतो. रक्त दिसलं की टॅग संपला, असा नियम केला तर तो पाळला जातोय का हे बघायला रानात कुणी नसेल, ही हरकत रास्त आहे. तरी तो असावा. काही शिकारी कायदा नसतानाही रक्त दिसून जनावर न सापडल्यावर टॅगवर भोक पाडून हंगाम संपवतात, सामान गाडीत भरतात आणि घरी जातात. चाप ओढण्याआधी ज्याला हे करावं लागेल याची खात्री असते, तो साडेसहाशे यार्डांवरच्या नराकडे बघताना आधी मधला उतार न्याहाळतो, कुठून खाली उतरता येईल ते शोधतो.